वॉटर्लूचे मावळे

मातीच्या मावळ्याचा आधी भाला जातो, मग हात जातो आणि तिसरी दिवाळी बघायला तो उरलाच, तर मान जाते. एवढं शास्त्र मला वयाच्या सातव्या वर्षी अवगत होतं. साताऱ्यात दसरा उलटला की मोती चौकाच्या आजूबाजूला हातगाड्यांवर मावळे यायचे. दोन साच्यांतून काढून एकमेकांना चिकटवलेले, कानापासून घोट्यापर्यंत जोडाची रेघ, आणि पाठीला रंगच नाही. पाठ बघतंय कोण? अंगरखे एक तर गुलाबी, नाहीतर पोपटी. मिशा एकाच फटकाऱ्यात ओढलेल्या, त्यामुळं निम्म्यांच्या नाकावर आणि उरलेल्यांच्या हनुवटीवर. भाला काही बरोबर मिळायचा नाही. मुठीत नुसतं भोक असायचं, त्यात आपण खराट्याचा हीर खोचायचा. हीर जरा जाड निघाला की मूठ फुटली, आणि मग तो गडी जन्मभर कुणाला तरी रामराम घालत असल्यासारखा उभा.

आम्ही मंगळवार तळ्याच्या बाजूला राहायचो. दोन खोल्या, पुढं सामायिक अंगण, आणि अंगणात उभं राहून मान वर केली की अजिंक्यतारा. डोक्यावर खरा किल्ला असताना खाली खोटा करणं वाटतं तितकं सोपं नाही. पुण्यामुंबईच्या पोरांनी चार दगडांवर गोणपाट टाकून चिखल थापला की त्यांचा रायगड तयार. आमच्याकडं येणारा-जाणारा आधी वर बघायचा, मग खाली, आणि विचारायचा, "मंगळाईचा बुरूज कुठाय रं?" १७०० साली औरंगजेबाच्या फौजेनं लावलेला सुरुंग उलटून त्यांच्याच माणसांवर आला, तो हा बुरूज. साताऱ्याच्या पोरानं बाकी काही विसरलं तरी चालेल, पण हा बुरूज विसरून कसं भागेल? आम्ही दरवर्षी तो आधी करायचो आणि उरलेला किल्ला त्याच्या मागं कसाबसा बसवायचो.

माती यवतेश्वराच्या बाजूची, तांबूस. ती पाटीत भरून सायकलच्या कॅरियरवरून आणायची, चाळायची, राडा करायचा, विटा आणि फुटक्या कुंड्यांवर गोणपाट टाकून थापायचा, आणि ओला असतानाच त्यावर हळीव आणि मोहरी फेकायची. चार दिवसांत तटाला हिरवी लव फुटायची. खाली गुहा, गुहेत वाघ. पुढं आरशाच्या तुकड्याचं तळं, आणि सरकारी दवाखान्यातून कुणाच्या तरी ओळखीनं मिळवलेल्या सलाईनच्या नळीचं कारंजं. ते उडण्यापेक्षा गळायचंच जास्त.

हे सगळं पाडव्यापर्यंत. भाऊबीजेला आईबरोबर एसटीनं सांगलीला, आजोळी. तिथला किल्ला निराळा. सांगली म्हणजे सपाट पाट्यासारखं गाव, माती काळी, कृष्णेची. थापताना लोण्यासारखी बसायची आणि वाळली की अशा भेगा पडायच्या की तटाला आपोआप चिरे दिसायचे. मामेभावांनी डोंगर असा कधी बघितलेलाच नव्हता. त्यांचा किल्ला भुईकोट. सांगलीतला गणेशदुर्गच भुईकोट, भोवती खंदक. पोरांनी तोच नमुना धरलेला. खंदकात पाणी भरायचं, ते काळी माती पिऊन टाकायची, पुन्हा भरायचं. दिवसातून वीस वेळा. आजी म्हणायची, "नदी बाजूला असून आड उपसताय, मेल्यांनो."

ते खोकं आलं १९७५ च्या दिवाळीत. धाकटा मामा बोटीवर होता. वर्षा-दोन वर्षांनी यायचा तेव्हा त्याच्या बॅगेतून भलत्याच वासाच्या वस्तू निघायच्या. त्या वर्षी निघाली पुठ्ठ्याची दोन चपटी खोकी. वर रंगीत चित्र : धूर, घोडे, तोफा आणि डोक्यावर हंडे पालथे घातल्यासारख्या टोप्या चढवलेली माणसं. थोरल्या मामांनी चष्मा वर सरकवून अक्षरं लावली. "वॉटर्लू. म्हणजे नेपोलियन पडला ती लढाई. अठराशे पंधरा." थोरले मामा पोस्टात. तारखांना पक्के.

एअरफिक्स म्हणून इंग्लंडमधली खेळण्यांची कंपनी, तिच्या वॉटर्लू मालिकेतली ती खोकी होती. १९७० साली याच लढाईवर मोठा सिनेमा येऊन गेला होता आणि तिकडं पोरांना नेपोलियनचं वेड लागलं होतं, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की शेवग्याच्या डहाळीला शेंगा लटकाव्यात तसे प्लास्टिकच्या काडीला शिपाई लटकलेत. माणूस ७२ पटींनी लहान केला तर जेवढा होईल तेवढे, इंचभरसुद्धा नाहीत. प्लास्टिक मऊ, नखानं दाबलं तर दबणारं. पण काम काय! कोटाची बटणं, पाठीवरची पडशी, पडशीवर गुंडाळलेली वळकटी, बंदुकीचा चाप. आणि पाठ! पाठीलाही पुढच्याइतकंच काम. मोती चौकातल्या मावळ्यांची पाठ आठवून मला त्या मावळ्यांचीच लाज वाटली.

एका खोक्यात फ्रेंच तोफखाना होता. दुसऱ्यात घागरेवाले. गुडघ्यापर्यंत घागरा, वर कोट, टोपीवर पिसांचा ढीग, हातात बंदूक. ही बायकांची पलटण आहे याबद्दल आम्हा चौघा भावंडांत दुमत नव्हतं. धाकट्या मामानं सांगितलं की हे स्कॉटलंडचे पुरुष आहेत, तिकडं असंच नेसतात. मामा बोटीवरचा माणूस. त्याच्या निम्म्या गोष्टी थापा असायच्या. त्यामुळं आम्ही ही त्यातलीच धरली.

आता पंचाईत अशी, की किल्ला तर महाराजांचा. गडावर टोपीकर उभे करायचे कसे? मधल्या मामेभावाचं म्हणणं, ते शत्रू म्हणून खाली ठेवावेत. पण एवढं सुबक काम खंदकापलीकडं चिखलात लोळवायला कुणाचंच मन घेईना. थोरले मामा झोपाळ्यावर बसून पान लावत होते. तिथूनच म्हणाले, "टोपीकराची टोपी काढली की राहिला काय? माणूस. त्याला पागोटं घाला, झाला आपला."

आणि उठून आतून लाखेची कांडी घेऊन आले.

पोस्टात रजिस्टर पाकिटांवर, पार्सलांवर मोहोर करायला जी तांबडी लाख वापरत, तिची तुटकी-मुटकी टोकं मामांच्या खणात नेहमी असायची. पहिला प्रयोग फसला. मेणबत्तीवर कांडी धरली, पेटता थेंब सरळ शिपायाच्या टोपीवर पाडला, आणि टोपीसकट त्याचं डोकं खांद्यात उतरलं. त्याला आम्ही लगेच धारातीर्थी पडलेला म्हणून बुरुजाखाली आडवा केला. लाख मऊ असावी पण धगधगीत नको, हे अकलेनं नव्हे, तीन शिपाई गमावून कळलं. मग रीत बसली. आधी ब्लेडनं टोपीचा तुरा आणि वरचा निम्मा भाग उडवायचा. उरलेल्या बुंध्याला शिवणाचा दोरा दोन वेढे घट्ट गुंडाळायचा, म्हणजे लाखेला धरायला काहीतरी मिळतं. लाख ओल्या पाटीवर टिपकवायची, वाफ गेली की बोट पाण्यात बुडवून तिची सुतासारखी वळी करायची आणि कडक व्हायच्या आत डोक्याभोवती गुंडाळायची. श्वास दोन घ्यावेत, एवढाच वेळ मिळायचा. नंतर गरम सुईनं तिरक्या रेघा मारल्या की पिळाचं पागोटं तयार. मागं शेमला सोडायचा असेल तर वळीचं टोक चिमटीत धरून ओढायचं. मामांना शेमल्याचा फार सोस. एका दुपारी पोस्टातून जेवायला घरी आलेला माणूस एका शेमल्यापायी अर्धा तास उशिरा परत गेला.

बाकीचं बारीकसारीक होतं. एकेक अंग निराळं काढून त्याचा मराठी अर्थ लावायचा. लांब शेपटाचा कोट हा अंगरख्याचा घेर. पांढरी विजार ही सुरवार. छातीवरचे आडवे-उभे दोन पट्टे राहू द्यायचे. एक तलवारीचा, एक शिदोरीचा. पाठीवरची पडशी तर शिदोरीच होती, तिला नुसता घोंगडीचा काळा रंग दिला. बूट कापायला गेलं तर पाय जायचा, म्हणून बुटांना अंगाचाच रंग देऊन सगळ्यांना अनवाणी केलं. ढाल म्हणून टिचबटणाचा अर्धा भाग, आईच्या शिवणाच्या डब्यातला. काळा, गोल, मधे उंचवटा, याहून बरी ढाल बाजारात मिळाली नसती. तलवार म्हणून टाचणी, तीही पोस्टातली. माझा अंदाज, त्या वर्षी सांगलीच्या टपालखात्याचा बराच ऐवज आमच्या गडावर जमा झाला असावा.

हात वळवायचे असतील तर शिपाई उकळत्या पाण्यात धरायचा, हवा तसा वाकवायचा आणि लगेच गार पाण्यात टाकायचा. धरायला आजीचा पापड भाजायचा चिमटा. तो आम्ही वापरतो हे तिला कळलं तेव्हा जे झालं ते इथं नको.

काही जणांचं मात्र जमता जमेना. तोफेची नळी पुसायचा लांब दांडा हातात धरलेला एक गोलंदाज होता, दांड्याच्या टोकाला बोळा. हा कोण? धाकट्या मामेबहिणीनं बोळ्याला केशरी रंग लावला आणि तो मशालजी झाला. घागरेवाल्यांत एक जण काखेत फुगीर पिशवी दाबून तिच्या नळ्या तोंडाशी धरून उभा होता. ते वाद्य आहे हे आम्हाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तो पखालजी. गडाला पाणी लागतंच. राहिलेल्या घागरेवाल्यांच्या बंदुका ब्लेडनं उडवून, टोप्यांची चुंबळ करून, चुंबळीवर मोहरीएवढी लाखेची घागर ठेवून त्यांना गवळणी म्हणून खालच्या वाडीत बसवलं. स्कॉटलंडच्या हायलँडर पलटणीचे वीर. एकेकाला दाढीमिशा असत्या तर निदान शंका तरी आली असती.

रंगाचं प्रकरण सगळ्यांत वाईट. पोस्टर कलर लावला की कमळाच्या पानावर पाणी जमावं तसे थेंब होऊन निघून जायचे. ऑइलपेंट लावला तर बसायचा, पण शिपाई हातात घेऊन जरा वाकला की कपचे उडायचे, आणि ऐन छातीवरून उडायचे. गणपती पेठेच्या कोपऱ्यावर दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर बसायचा. त्यानं शिपाई उन्हात धरून बघितला, हुंगला आणि म्हणाला, "ह्येच्या अंगाला तेल हाय. साच्यातनं सुटावं म्हणून लावत्यात. आधी धुण्याच्या सोड्यात आंघोळ घाला. मग फेव्हिकॉलचा पातळ हात मारा, पाण्यागत. त्यो वाळला की रंग." फेव्हिकॉलची ती पारदर्शक कातडी अंगावर चढली आणि रंग धरायला लागला. जगभरातले खेळण्यातले शिपाई रंगवणारे शौकीन मऊ प्लास्टिकला असाच डिंकाचा हात देतात, हे मी पुढं वाचलं तेव्हा त्या पेंटरला हात जोडावेसे वाटले. तळाला उरलेला लाल, निळा आणि पिवळा त्यानं बिड्यांच्या तीन रिकाम्या डब्यांत घालून दिला होता. लाल-पिवळ्याचा भगवा आम्हीच केला. तो पहिल्यांदा टोमॅटोच्या साराच्या रंगाचा झाला. मग पिवळा वाढवला.

मिशा आजीच्या काजळाच्या डबीतून. काडेपेटीच्या काडीला चिरून टोक केलं होतं, त्या टोकाला काजळ घेऊन नाकाखाली फक्त टेकवायचं, ओढायचं नाही. ओढलं की मोती चौक. डोळे काढायचा नाद आम्ही सोडून दिला. इंचभर माणसाला डोळे काढले की तो भुतासारखा दिसतो.

सांगलीची सुट्टी संपेपर्यंत एकवीस गडी तयार झाले. वाटणी झाली. अकरा सांगलीच्या भुईकोटाला, दहा साताऱ्याच्या डोंगरी किल्ल्याला. ते मी टूथपावडरच्या डब्यात कापसात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून आणले. आईच्या मांडीवर धाकटी बहीण होती. कराडच्या स्टँडवर आईनं विचारलं, "डबा वर ठेवू का?" मी नको म्हणालो.

पुढच्या दिवाळीला त्यांनी साताऱ्यात पहिलं पाऊल ठेवलं आणि एक चमत्कार झाला. पायथ्याला मोती चौकातले चार बोटं उंचीचे गुलाबी-पोपटी मावळे होते. वर तटावर हे इंचाच्या आतले. तर गड एकाएकी उंच झाला! अंगणाच्या दारातून बघितलं की वरची माणसं लांब गेल्यासारखी वाटायची, आणि गुडघ्याएवढा मातीचा ढीग खरोखर चढायला दोन तास लागतील असा दिसायला लागला. फक्त बालेकिल्ल्यावरचे महाराज नेहमीच्या मापाचे, सिंहासनासकट वीतभर. त्यांच्या पायरीशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याची लाल पगडी महाराजांच्या मोजडीला लागत होती. पण महाराजांच्या बाबतीत ते कुणाला खटकलं नाही. मलाही नाही.

शेजारच्या बिऱ्हाडात सुभेदारआजोबा होते. अपशिंग्याचे, फौजेतून पेन्शनीत आलेले. साताऱ्याजवळचं हे गाव नावातच 'मिलिटरी' लावतं. तिथं घरटी एक तरी फौजी. आजोबा कुणाच्या किल्ल्याला फारसे नावाजायचे नाहीत. त्या संध्याकाळी काठी टेकत आले, उकिडवे बसले आणि बराच वेळ वरच्या दहा जणांकडं बघत राहिले.

"ह्यो बंदूक भरतोय," एकाकडं काठीचं टोक नेऊन म्हणाले. "भरणारा पुढं नसतोय उभा. त्याला मागं घ्या. नेम धरल्याला पुढं." मी अदलाबदल केली. "आन् ह्यो पहाऱ्यावरचा. आत काय बगतोय? गडात काय तमाशा चाललाय व्हय? पहारेकऱ्यानं बाहिर बगायचं असतंय." मी तोही वळवला. मग त्यांनी एक शिपाई उचलून तळहातावर घेतला, पाठ बघितली, पट्टे बघितले. काहीतरी ओळखल्यासारखं हसले, पण बोलले नाहीत. खाली ठेवताना मात्र बाहेर तोंड करूनच ठेवला.

त्या वर्षी पेठेतल्या मंडळानं किल्ल्यांची स्पर्धा घेतली होती. परीक्षकांनी आमच्या गडापाशी येऊन वाकून बघितलं आणि विचारलं, "हे प्लास्टिकचे कुठले?" मी म्हणालो, "सांगलीचे." उत्तेजनार्थ मिळालं. पेन. ते पहिल्याच आठवड्यात गळायला लागलं.

किल्ला मोडायचा म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर, उरलेल्या फटाक्यांनी. मातीचे मावळे काही काढून ठेवायचे, काही पुढच्या वर्षी नवे म्हणून तसेच सुतळी बॉम्बबरोबर जाऊ द्यायचे. हे दहा मात्र मी मोजून उचलायचो. असं आठ-नऊ वर्षं चाललं. मग आवाज फुटला, मिसरूड आली, किल्ला धाकट्यांकडं गेला. लग्न होऊन बहीण पुण्याला गेली, आम्ही घर बदललं, आणि त्या धांदलीत थोरल्या मामांनी साताऱ्याचे दहा परत सांगलीला नेले. "एकत्र राहू देत. पलटण फोडू नये."

कॉलेजात असताना साताऱ्याच्या नगर वाचनालयात एकदा सहज एक जाडजूड पुस्तक उघडलं आणि तासभर उभ्यानंच वाचत राहिलो. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन हा आमच्याकडचा जुना गडी निघाला! तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली. १८०० साली धोंड्या वाघ नावाच्या बंडखोराच्या मागावर तो कर्नाटकात धावत होता आणि त्याच्या बरोबर पटवर्धनांची फौज होती. त्यात होते चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन, म्हणजे सांगली संस्थानचे पहिले अधिपती. ज्या गणेशदुर्गाचा नमुना माझे मामेभाऊ गिरवायचे त्या गणेशदुर्गाचे धनी. पुढं १८०३ च्या एप्रिलात वेलस्ली कर्नाटकाकडून पटवर्धनांच्याच मुलखातून वर चढला आणि २० तारखेला पुण्यात पोचला. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला असईची लढाई. आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनजवळ. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेला त्यानं तिथं हरवलं. म्हातारपणी त्याला कुणी विचारलं की लढाईतलं तुमचं सगळ्यांत चांगलं काम कुठलं, तर तो वॉटर्लूचं नाव घेत नसे, असईचं घेई.

आणि असईला त्याच्या बाजूनं कोण होतं? हायलँडर. घागरेवाले. आमच्या गवळणी.

समोरच्या बाजूला कोण होतं, हे वाचून तर मी खाली बसलो. महादजी शिंद्यांनी १७८४ च्या सुमारास द बॉइन नावाचा सॅव्हॉयचा माणूस नोकरीला ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या, त्या पुढं पेराँ या फ्रेंचाकडं गेल्या, आणि असईला त्यांचा सेनापती पोलमान, हाही युरोपातलाच. शिपाई मात्र इथले. वर पागोटं, खाली कोट, छातीवर आडवे पट्टे, हातात चकमकीची बंदूक. म्हणजे मामांच्या लाखेनं आम्ही जे केलं होतं तेच. मंडळाच्या परीक्षकांना हे दाखवावंसं वाटलं. पण पेन केव्हाच फेकून दिलं होतं.

वॉटर्लू जून १८१५ ची. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी अजिंक्यतारा घेतला. तीन वर्षंही मधे नाहीत. म्हणजे आमच्या अंगणातून मान वर केली की जो गड दिसायचा त्यावर, आम्ही ज्यांच्या टोप्या कापत होतो तसल्याच कोटातली माणसं खरोखर चढली होती. सुभेदारआजोबा हसले होते ते कशाला, हे मला तेव्हा कळल्यासारखं वाटलं. विचारायला ते राहिले नव्हते.

हे सगळं पत्रानं थोरल्या मामांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, पोस्टकार्डावर, बारीक अक्षरात, पत्त्याच्या बाजूलाही लिहिलेलं. "चिंतामणरावांचं मला ठाऊक होतं. पण तुला दुसरं ठाऊक आहे का? विष्णुदास भावे त्यांच्याच पदरचे. १८४३ चं सीतास्वयंवर नाटक त्यांच्याच हुकुमानं झालं. आणि भावे लाकडी बाहुल्या करीत. सूत्रं लावून त्यांच्याकडून नाटक करवण्याचा त्यांचा बेत होता." भाव्यांच्या त्या बाहुल्या अजून आहेत, बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या रामदास पाध्यांनी पुढं त्या दुरुस्त करून पुन्हा खेळवल्या. मामांनी शेवटी लिहिलं होतं, "तात्पर्य, सांगलीत टोपीकरही येऊन गेले आणि बाहुल्याही. आपण नवीन काही केलेलं नाही." मामांना तात्पर्य काढायची सवय होती.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेनं काय केलं ते सांगलीकराला सांगायला नको. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ च्याही वर गेलं. आजोळच्या घरात माळ्याच्या पहिल्या फळीपर्यंत. मामा जाऊन बारा वर्षं झाली होती. मी पाणी ओसरल्यावर गेलो. मामेभाऊ फावड्यानं गाळ ओढत होता, वहिनी भांडी रस्त्यावर मांडून धूत होत्या, आणि सगळ्या पेठेला एकच वास. माळ्यावरून खाली पडलेल्या एका ट्रंकेत मामांची पोस्टाची कागदपत्रं होती, त्यांचा लगदा झालेला. मातीच्या जुन्या मावळ्यांची एक पाटी होती, तिच्यात नुसता गाळ. कुठला नदीचा आणि कुठला मावळ्यांचा, हे ओळखता येण्यासारखं नव्हतं. आणि टूथपावडरचा डबा.

झाकण गंजून बसलेलं. पक्कडनं उघडलं. आत काळं पाणी आणि काळा कापूस. नळ कोरडाच होता. टँकरच्या बादलीत एकेक शिपाई धुतला. धुता धुता रंग हाताला आला. कपचे नव्हे, अख्खीच्या अख्खी कातडी, ओल्या कागदासारखी, मिशीसकट. फेव्हिकॉलचा हात आठ-दहा दिवस पाण्यात राहून फुगला होता, त्यानं वरचा रंगही सोडवून आणला. माझ्या तळहातावर निळसर राखाडी प्लास्टिकचा फ्रेंच गोलंदाज उभा राहिला. कोटाची बटणं, पडशी, वळकटी, सगळं पहिल्यासारखं कोरीव. अंगावर महाराष्ट्राची म्हणून एकच खूण राहिली होती. डोक्यावर लाख. लाखेला पाण्यानं काही होत नाही. पिळाचं पागोटं, सुईच्या रेघा, आणि एकाला तर मागं शेमलासुद्धा.

एकविसांतले चौदा मिळाले. मामेभाऊ म्हणाला, "तू ने. इथं परत पाणी यायचं."

ते आता माझ्याकडं साताऱ्यात आहेत. मी पुन्हा रंगवले नाहीत. रंगवायला बसलो होतो; आता डोळ्यांना इतकं बारीक दिसत नाही, आणि लाख मिळवायला चार दुकानं हिंडावी लागतात. हल्ली बाजारात रेझिनचे, साच्यातून सुबक निघालेले, पाठीलाही रंग असलेले मावळे मिळतात. डोळे रेखलेले, मिशा जागच्या जागी. ते मुलगा नातवासाठी घेऊन आला. मी नावं ठेवत नाही. बोलून चालून मोती चौकातल्यांपेक्षा ते शंभरपटीनं बरे आहेत.

पण गेल्या दिवाळीत नातवानं माझा डबा शोधून काढला. "हे कोण?" मी म्हटलं, मावळे. त्यानं निळसर कोट बघितला, लाल डोकं बघितलं, काही विचारलं नाही आणि चौदाच्या चौदा तटावर लावले. रंगीत सगळे खाली, हे बिनरंगी वर. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण गड पुन्हा उंच दिसायला लागला. रात्री झोपायच्या आधी पणती बघायला बाहेर गेलो, तर दरवाजावरचा पहारेकरी आत तोंड करून उभा. सवयीनं वाकलो, गुडघ्यातून कळ आली, आणि त्याला बाहेर वळवून ठेवला.

सकाळी बघतो तर पुन्हा आत.

नातवाला बोलावून सांगितलं, की बाळा, पहारेकऱ्यानं बाहेर बघायचं असतं. तो माझ्याकडं असं बघायला लागला, जसं काही मला साधी गोष्टसुद्धा समजत नाही.

"आजोबा, आत महाराज बसलेत. त्यांच्याकडं पाठ कशी करायची?"